कुट का पडलं: मेसोपोटेमियाच्या मोहिमेतला बोटींचा हिशेब

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धात भारताबाहेर गेलेली सगळ्यांत मोठी फौज फ्रान्सला नाही, मेसोपोटेमियाला म्हणजे आजच्या इराकला गेली. ती तिथे कशासाठी गेली, मोहीम कशी झाली, तैग्रिस नदीकाठच्या कुट गावात तेरा हजार माणसांवर शरण जायची वेळ का आली आणि या सगळ्याचे पुढे काय परिणाम झाले?

ही मोहीम समजून घ्यायची तर नकाशावरचे बाण काही वेळ बाजूला ठेवावेत आणि बोटी मोजाव्यात. १९१५ सालची घोडचूक, १९१६ ची नामुष्की आणि १९१७ चा विजय, तिन्हींचा उलगडा त्यातून होतो.

आधी कारणं. साराजेव्होचा खून २८ जून १९१४ चा. महिन्याभराने ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. तहांच्या साखळीची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असतेच. तुर्कस्तानचं प्रकरण मात्र वेगळं आहे. इंग्लंडच्या गोद्यांत तुर्कांसाठी दोन मोठ्या युद्धनौका बांधल्या जात होत्या, त्यांच्या पैशात तुर्की जनतेची वर्गणीही होती. युद्ध सुरू होताच ब्रिटनने त्या जप्त केल्या. त्याच सुमारास, २ ऑगस्टला, तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त तह केला होता. आठवड्याभरात ‘गोबेन’ आणि ‘ब्रेसलाउ’ या जर्मन नौका दार्दानेल्समध्ये शिरल्या आणि नावापुरत्या तुर्की झाल्या. २९ ऑक्टोबरला याच आरमाराने काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध जाहीर केलं.

पण तारखा नीट पाहा. ब्रिगेडियर जनरल डेलामेनची ब्रिगेड मुंबईहून १६ ऑक्टोबरलाच निघाली होती, म्हणजे काळ्या समुद्रातल्या माऱ्याच्या तेरा दिवस आधी. बहारीनजवळ ती नांगर टाकून थांबली होती. ही ब्रिगेड सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनची. तीत डॉर्सेट ही गोरी पलटण, २० वी पंजाबी, १०४ वी वेलस्ली रायफल्स आणि ११७ वी मराठा. ६ नोव्हेंबरला ती इराणच्या आखाताच्या टोकाशी, फाओला उतरली.

कारण तेल का? बहुतेक जण एवढं म्हणून थांबतात. तेल हे कारण खरंच होतं. इराणातल्या मस्जिद-ए-सुलेमानला १९०८ मध्ये तेल लागलं होतं, तिथून नळ टाकून ते अबादानच्या कारखान्यात येत होतं आणि १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारने ते काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं. पण अबादान राखायला बसरा पुरेसं होतं, फार तर त्याच्या वरचं कुर्ना. बगदादचा तेलाशी काहीही संबंध नव्हता. तिथे जाण्यामागे दुसरीच गणितं होती: कुवेत आणि मोहम्मरा इथल्या शेखांवर वचक ठेवणं, खलिफाच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या बाजूने जिहादची हाक उठली तर हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर तिचा परिणाम होऊ न देणं, आणि १९१५ च्या उत्तरार्धात दार्दानेल्सजवळची गॅलिपोलीची चढाई फसत असताना पूर्वेत कुठेतरी एक विजय दाखवणं.

सुरुवातीला सगळं सोपं गेलं, आणि तेच घातक ठरलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा, डिसेंबरमध्ये कुर्ना. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई मात्र चुरशीची झाली. ती हरल्यावर तुर्की सेनापती सुलेमान अस्करीने स्वतःला गोळी घालून घेतली. मेअखेरीस सहाव्या डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याने पुराच्या पाण्यातून, बोरूच्या बेटांमधून, बेल्लम नावाच्या लांबट होड्यांतून पायदळ पुढे नेलं आणि ३ जूनला शंभरेक माणसांनिशी अमारा घेतलं. तिथली शिबंदी याहून कितीतरी मोठी होती, पण मागून अख्खी फौज येतेय असं समजून तिने हत्यारं टाकली. जुलैत नासिरिया, सप्टेंबरच्या अखेरीस कुट. बसरा राखायला कुर्ना, कुर्ना राखायला अमारा, अमारा राखायला कुट अशी ही चढती भाजणी होती. वरिष्ठ सेनापती निक्सनला पुढे बगदाद दिसत होतं.

आता बोटी. या मुलुखात पक्का रस्ता नव्हता आणि बसऱ्याच्या वर रेल्वे नव्हती. बसरा ते बगदाद सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर भरतं, पण तैग्रिस इतकी वळसे घेत जाते की नदीने तेच अंतर आठशे होतं. मार्च ते मे वरच्या डोंगरातलं बर्फ वितळून नदीला पूर येतो आणि दोन्ही तीर दलदल होतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर पाणी इतकं उतरतं की चार-पाच फूट खोल पाणी लागणारी बोट वाळूत रुतते. म्हणजे कोरड्या जमिनीवर लढाई करायचा जो हंगाम, त्याची सुरुवात नेमकी बोटींच्या सगळ्यांत वाईट दिवसांत होते. कुर्ना आणि अमाराच्या मधला पट्टा इतका चिंचोळा, की समोरून बोट आली तर एकीने तीराला चिकटून थांबायचं.

मालाचा प्रवास असा होता. मुंबई-कराचीहून आलेलं जहाज बसऱ्याजवळ शत-अल-अरब नदीच्या मध्यात नांगर टाकी, कारण बसऱ्याला धक्काच नव्हता. तिथे माल माहेला नावाच्या शिडाच्या गलबतांत उतरवायचा, गलबत काठाला न्यायचं, हमालांनी तो चिखलातून वर चढवायचा, वेगळा करायचा, परत नदीच्या स्टीमरवर भरायचा. स्टीमरच्या दोन्ही बाजूंना एकेक बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालाची होडी बांधलेली. असं ते तिहेरी धूड प्रवाहाविरुद्ध वर चढायचं. जहाजं रिकामी व्हायला आठवडेच्या आठवडे खोळंबत होती. मुंबईहून माल निघाला याचा अर्थ तो आघाडीला पोहोचला असा होत नव्हता, आणि सिमल्यातल्या कचेरीला हा फरक फार उशिरा कळला.

यात एक साधं त्रैराशिक आहे. समजा एक स्टीमर बार्जसह १५० टन नेतो आणि जाऊन-येऊन त्याला आठ दिवस लागतात. म्हणजे दिवसाला सरासरी एकोणीस टन. आघाडी दुप्पट लांब गेली की तोच स्टीमर दिवसाला साडेनऊ टनांवर येतो. त्यात कुमक म्हणून माणसं दुप्पट पाठवली तर बोटी चौपट लागतात. शिवाय स्टीमर स्वतःचं सरपणही वाहून नेतो. घोडा दिवसाला आठ-दहा किलो चारा-दाणा खातो, म्हणजे जनावरांचाच शिधा माणसांच्या शिध्यापेक्षा जड भरतो. ‘आणखी एक डिव्हिजन पाठवतो’ ही तार वाचायला बरी वाटते, पण बोटी तेवढ्याच असतील तर ती डिव्हिजन पुढच्यांच्या तोंडचा घास घेऊनच वर जाते.

१९१५ च्या शरदात नदीवर स्टीमर होते सहा आणि टग म्हणजे ओढबोटी आठ. निक्सनने उन्हाळ्यात जास्त बोटी मागितल्या होत्या. त्या इंग्लंडमध्ये बांधायच्या, सुट्या भागांत आणायच्या आणि अबादानला जोडायच्या, म्हणजे काही महिन्यांची बात. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या नद्यांवरचे सपाट बुडाचे स्टीमर काढून पाठवले, त्यांतले काही खुल्या समुद्रात बुडाले. नदीची बोट अरबी समुद्रात घातली की दुसरं काय होणार! बसरा-नासिरिया रेल्वेचा प्रस्ताव खर्चाचं कारण देऊन नाकारला गेला. निक्सनची चूक बोटी न मागण्याची नव्हती. बोटी आल्या नाहीत हे दिसत असताना तो पुढे गेला, ही त्याची चूक.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. सुमारे बारा हजार लढवय्यांपैकी साडेचार हजारांवर मेले किंवा जखमी झाले. वैद्यकीय खात्याने तयारी धरली होती पाचशे गंभीर जखमींची. मांडीचं हाड मोडलेल्या शिपायाला स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी धाव बसवलेल्या खेचरांच्या गाडीत घालून दहा मैल नदीपर्यंत आणलं जाई. पुढे ज्या बोटीने तो जायचा, ती वर येताना दारूगोळा किंवा जनावरं घेऊन आलेली असे आणि तशीच, न धुता परत भरली जाई. ‘मेजिदिये’ ही बोट बसऱ्याला लागताना मेजर कार्टर या डॉक्टरला लांबून वाटलं की तिच्या कडांवरून दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं की ती सुकलेली विष्ठा आहे. हगवणीने उठता न येणारे शेकडो जखमी जवळपास दोन आठवडे डेकवर पडून होते. कार्टरने हे लेखी कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच दम भरला.

टाउनशेंड मागे फिरला आणि ३ डिसेंबरला कुटला थांबला. कुट नदीच्या वळशात आहे, तीन बाजूंनी पाणी. बचावाला ते बरं, पण बाहेर पडायला वाट एकच आणि तीच शत्रूच्या समोर. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. २४ डिसेंबरला तुर्कांनी ईशान्य टोकाच्या मातीच्या गढीवर मोठा हल्ला चढवला. तिथे १०३ वी मराठा होती, मदतीला ऑक्सफर्डशायरची गोरी पलटण आली. हातघाईवर येऊन हल्ला परतवला गेला, आणि त्यानंतर तुर्कांनी भिंती फोडायचा नाद सोडून भुकेवर भरवसा ठेवला. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी, तिन्ही मराठा पलटणी या वेढ्यात होत्या. पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्सही होते.

कुटमधली सगळ्यांत महाग चूक कोठारातली आहे. वेढा पडताच तीन गोष्टी व्हायला हव्या होत्या: गावातलं सगळं धान्य मोजणं, शिधा पहिल्या दिवसापासून कापणं आणि सहा हजारांच्या आसपास असलेल्या रहिवाशांचं काय करायचं ते ठरवणं. यातलं काहीच वेळेवर झालं नाही. जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत पुरा शिधा चालू होता. अन्न संपत आल्याच्या टाउनशेंडच्या तारांमुळे बाहेरून सोडवायला येणाऱ्या एल्मरने अर्धवट फौजेनिशी घाई केली. फ्रान्सहून वळवलेल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन तुकड्यातुकड्यांनी उतरत होत्या, तोफा एका जहाजात तर इस्पितळ दुसऱ्यात. २१ जानेवारीला हन्नाच्या चिखलात एका दिवसात सुमारे २,७०० माणसं पडली. आणि त्यानंतर चार दिवसांनी टाउनशेंडची तार आली: घरांची झडती घेतल्यावर सातू, तूप वगैरे सापडलं आहे, आपण ८४ दिवस काढू शकतो! हाच हिशेब डिसेंबरात झाला असता तर एल्मरला फौज नीट जुळवायला वेळ मिळाला असता. ८ मार्चला दुजैलाला तर रात्रीची चाल साधली होती आणि समोरची गढी जवळपास रिकामी होती. तरी ठरलेल्या तोफखान्याच्या वेळापत्रकासाठी थांबून राहिले आणि तेवढ्यात तुर्क आले.

अन्नाची गोष्ट इथे संपत नाही. सातू होता, पण तो दळायला पुरेशी जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकावे लागले. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला. कोंड्यासकट सातूचं-गव्हाचं पीठ खाऊ लागल्यावर तो हटला. हिंदी शिपाई आट्यामुळे बेरीबेरीतून वाचले, पण ताजी भाजी नाही आणि घोड्याचं मांस खायला नकार, त्यामुळे त्यांना स्कर्व्ही झाला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून संदेश मागवले, तरी ‘गावी गेल्यावर पंगतीला कोण घेईल’ या भीतीपुढे ते संदेश तोकडे पडले. यावरून शिपायांना हट्टी ठरवणारे लेखक पुष्कळ आहेत. पण डिसेंबरातच हा प्रश्न पलटणींच्या सुभेदार-जमादारांशी बोलून सोडवायला हवा होता. तो एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा माणसं खंदकात उभी राहू शकत नव्हती.

एप्रिलच्या मध्यापासून विमानातून धान्य टाकायला सुरुवात झाली, बहुधा लष्करी इतिहासातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. दोन आठवड्यांत सात ते नऊ टन पडलं. तेरा हजार तोंडांत वाटलं तर माणशी दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ हा स्टीमर २७० टन अन्न घेऊन वेढा फोडायला निघाला आणि नदीत आडव्या ताणलेल्या तारेत अडकला. दहा-वीस लाख पौंडांची खंडणी देऊ केली, तुर्की सेनापती खलीलने ती झिडकारली. २९ एप्रिल १९१६ रोजी, जवळजवळ पाच महिन्यांनी, कुट पडलं. कैदी सुमारे तेरा हजार, त्यांतले तीन हजारांहून जास्त बुणगे, म्हणजे फौजेबरोबरचे नोकर-चाकर. त्यांना सोडवायच्या प्रयत्नात बाहेरचे तेवीस हजार मेले-जखमी झाले होते. कैद्यांना समारा, मोसुल करत रणरणत्या उन्हात पायी हाकत नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून जास्त परत आले नाहीत, हिंदी शिपाईही हजारोंनी मेले. टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला.

मोहिमेची सूत्रं त्याआधीच, फेब्रुवारी १९१६ मध्ये, हिंदुस्थान सरकारकडून लंडनच्या युद्धखात्याकडे गेली होती. ऑगस्ट १९१६ मध्ये मॉड सेनापती झाला आणि त्याने डिसेंबरपर्यंत एकही मोठा हल्ला केला नाही. त्या महिन्यांत काय झालं ते पाहा: बसऱ्याच्या वर माकिलला धक्के बांधले, रंगून बंदराचा अनुभवी सर जॉर्ज ब्यूकॅनन बंदराच्या कामावर होता, हिंदुस्थानातले मीटरगेज रूळ आणून कुर्ना-अमारा आणि बसरा-नासिरिया मार्ग टाकले. त्यामुळे तो चिंचोळा पट्टा रेल्वेने टाळता आला. वर्षभरात नदीवर साडेचारशेच्या आसपास स्टीमर-टग, साडेसातशेहून जास्त बार्ज आणि चारशेवर मोटारबोटी झाल्या. २३ फेब्रुवारी १९१७ ला शुमरानच्या वळणावर वल्ह्यांच्या होड्यांतून पहिल्या तुकड्या पलीकडे गेल्या, बऱ्याच होड्या गोळीबारात गेल्या, तरी संध्याकाळपर्यंत सुमारे तीनशे यार्डांचा तरता पूल उभा राहिला. ११ मार्चला बगदाद. मॉड काही टाउनशेंडपेक्षा फार चतुर होता असं वाटत नाही. त्याच्याकडे बोटी होत्या आणि त्या येईपर्यंत थांबायचा धीर होता. नोव्हेंबरात तो पटकीने गेला. शेवटची लढाई ऑक्टोबर १९१८ मध्ये शारकतला झाली, तिथे ११४ व्या मराठा पलटणीने मोठं नाव आणि बरीच पदकं मिळवली. ३० ऑक्टोबरला मुद्रोसला तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाली. मोसुल त्यानंतर घेतलं, आणि ते कोणाचं हा वाद तुर्कस्तानशी १९२६ पर्यंत चालला.

परिणामांपैकी एक मराठी वाचकाला फारसा सांगितला जात नाही. जून १९१७ च्या अखेरीस या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल छापला गेला. हिंदुस्थानचा सरसेनापती ब्यूचँप डफ सिमल्याहून मुंबईलासुद्धा आला नव्हता, हे त्यात नोंदवलेलं आहे. त्यावरून भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. संसदेतल्या चर्चेत हिंदुस्थानचा कारभार लाकडी आणि जुनाट झाल्याची टीका करणारे माँटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्टला त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. घोषणेचा मसुदा आधीपासून घोळत होता, होमरूलचा दबाव होता, हे खरं. पण ती त्या महिन्यात, त्या माणसाच्या तोंडून झाली ती बसऱ्याच्या बोटींमुळे. तिथून १९१९ चा सुधारणांचा कायदा आला.

बाकीचं थोडक्यात. सान रेमोच्या परिषदेत एप्रिल १९२० मध्ये इराक ब्रिटनच्या ताब्यात दिला गेला, त्याच वर्षी तिथे मोठा उठाव झाला, तो दडपायला पुन्हा हिंदी पलटणीच गेल्या आणि १९२१ मध्ये फैसल या अरब राजपुत्राला गादीवर बसवलं. खलिफाच्या राज्याची वाटणी होताना पाहून हिंदुस्थानात खिलाफत चळवळ उठली. १९२४ मध्ये तुर्कांनीच खिलाफत मोडली तेव्हा तिचा आधार गेला. शिपाईभरती इतकी ताणली गेली की ज्यांना सरकारने पूर्वी फौजेची दारं बंद केली होती त्या महारांची १११ वी पलटण जून १९१७ मध्ये उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर काटकसरीच्या नावाखाली १९२१ पर्यंत मोडलीही. मुंबईत तर तयार होऊन उभी असलेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती.

या मोहिमेत साडेपाच लाखांहून जास्त हिंदी माणसं गेली. ज्यांच्या कबरी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसरा स्मारक आहे. १९९७ मध्ये ते माकिलहून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. त्यावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. साताऱ्याकडे किंवा कोकणात चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत जी संगमरवरी पाटी दिसते, ‘या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले’ अशा अर्थाची, तिच्यावरही नावं नसतात. आपल्या घरातलं कोणी गेलं होतं का हे शोधायचं असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची छापील यादी किंवा संकेतस्थळ पाहा. स्मारकावर नसलेली नावं तिथे आहेत, बऱ्याचदा बापाचं नाव, गाव आणि जिल्ह्यासकट. शोधताना आडनाव आधी टाकू नका, पलटणीचा जुना क्रमांक टाका. कारकुनाने इंग्रजीत जाधव, कदम, शिंदे ही नावं कशी लिहिली असतील याचा भरवसा नाही.